बावीस नंबरचं कोमट पाणी

पाऊस आला की माणसं आडोसा शोधतात, आणि ती असलेला आडोसा सोडून बाहेर पडायची. आभाळ भरून आलं की खात्यातले बाकीचे खिडक्या लावायला उठत, ती गमबूट चढवायला. गाडीच्या मागच्या भागात बर्फाची पेटी, पेटीत धुऊन वाळवलेल्या बाटल्या, लांब दांड्याचा डबा, टॉर्च, हातमोजे. शहरातल्या रस्त्यांवरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून वाहत येऊन जिथे जिथे नदीत पडतं, त्या प्रत्येक तोंडाशी जाऊन त्याचा नमुना भरायचा, हे तिचं काम. आणि भरायचा तोही पहिल्या अर्ध्या तासात. कारण रस्त्यावर दिवसेंदिवस साचलेलं सगळं, गाड्यांचं तेल, टायरची काजळी, कुत्र्यांची घाण, सिगारेटची थोटकं, ते पहिलं पाणी पोटात घेऊन येतं. नंतरचं पाणी आपलं नुसतंच पाणी.

खात्यात तिला बाटलीबाई म्हणत. "आमच्या बाई बाटलीशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत," हा विनोद प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकवला जायचा. सव्वीस वर्षांत तिने तो इतक्यांदा ऐकला होता, की कधी सांगणारा मध्येच अडखळला तर पुढचं वाक्य तीच पुरवायची.

तिला एक जोडीदार होता. एकोणीस वर्षं दोघांनी मिळून चेंबरची झाकणं उचलली. तो मितभाषी होता, बोललाच तर स्वतःच्या गुडघ्याबद्दल. पण ती पाइपाच्या तोंडाशी वाकली की तिच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात असायचं. मागल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी माणूस आला नाही, यंत्र आलं. मुठीएवढ्या जाडीची नळी. पाइपात बसवली की दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी आणि तापमान मोजून थेट तिच्या फोनवर धाडणारी. साहेब म्हणाले, "रजा मागत नाही, चहाला जात नाही." ती म्हणाली, "दोरीही धरत नाही." साहेब हसले आणि विषय तिथेच संपला.

घरी दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. आई होती तोवर त्या अपुऱ्या पडायच्या. आई जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याच खोल्या अंगावर यायला लागल्या. दूरच्या शहरातला भाऊ पंधरवड्यातून एकदा फोन करायचा.

"काय ताई, सगळं ठीक ना?"

"ठीक. तुमचं?"

"आमचंही ठीक. बरं मग, ठेवतो."

माया नव्हती असं नाही. विषय नव्हता. कोरड्या दिवसांत, पावसाचं काम नसताना, कधीकधी दुपारी दुकानात काही मागायला तोंड उघडलं की आवाज घोगरा यायचा, आणि तिच्या लक्षात यायचं, की आज आपण पहिल्यांदाच बोलतोय.

बावीस नंबरच्या पाइपाची गोष्ट अशाच कोरड्या दिवसांत सुरू झाली. पावसाच्या पाइपात पाऊस नसताना थेंब असता कामा नये. असलाच, तर कुणाच्या तरी घरातलं सांडपाणी चुकीच्या लाइनीत शिरलंय आणि शुद्ध न होता सरळ नदीत चाललंय. बावीस नंबरात तिने यंत्र बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी फोनवरच्या सपाट रेघेला एक उंचवटा आला. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. कोमट पाणी, वीस मिनिटं. दुपारी दीडला आणखी एक, लहानसा. बुधवारी आणि शनिवारी एक मोठा, तासभर चालणारा.

वाचायला अवघड काहीच नव्हतं. सकाळी अंघोळ. दुपारी भांडी, तीही थोडी, एका ताटाची. दोन दिवस कपडे. एकच घर, आणि घरात बहुधा एकच माणूस.

रस्त्याकडेच्या जाळ्यांतून टॉर्च मारत, पाण्याचा माग काढत ती एका गल्लीपर्यंत पोचली. चौदा घरं. प्रत्येक दारात तिने खात्याची चिठ्ठी टाकली: आपल्या घरातील सांडपाण्याची जोडणी तपासून घ्यावी. चौदांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे घर शोधायचं तर गल्लीतली चेंबर एकेक करून उघडायला हवी होती, आणि नियमाप्रमाणे झाकण उचलायला दोन माणसं लागत. तिने दुसऱ्या माणसासाठी अर्ज केला. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. आठवडाभराने आठवण करून द्यायची असते. तिने दिली नाही.

का दिली नाही, याचं उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. सकाळी ती चहा घेऊन खिडकीशी बसायची, फोन कपाला टेकवून उभा करायची. सात वाजून दहा मिनिटांनी रेघ वर चढायची. "चला, उठली स्वारी," ती म्हणायची. मोठ्याने. एकदा रेघ सात पंचविसाला चढली तर दिवसभर तिला चुटपुट लागून राहिली, की रात्री झोप लागली नसेल का. एका रविवारी दुपारी भांड्यांचा उंचवटा नेहमीच्या तिप्पट आला. कुणीतरी जेवायला आलं होतं! तिला इतकं बरं वाटलं, जणू जेवायला तीच गेली होती.

नदीत रोज थोडा साबण जात होता. ती ते मोजत होती, लिहीत होती आणि थांबवत नव्हती. सव्वीस वर्षांत कामात केलेली ही पहिली कुचराई. बघता बघता सहा आठवडे झाले.

त्या सोमवारी सकाळपासून ती प्रयोगशाळेत होती. तिथे फोन बाहेर ठेवावा लागे. एक वाजता बाहेर येऊन तिने फोन पाहिला. रेघ सात दहाला चढली होती, नेहमीसारखी. साडेसातला खाली यायला हवी होती, ती आली नव्हती. पाऊण तासाने पाणी गार झालं होतं, पण वाहायचं थांबलं नव्हतं. सहा तास एकसारखी धार.

यंत्रात पान अडकलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. गाडीत बसून दीड वाजायची वाट बघितली. दीड वाजला, पावणेदोन झाले. धारेवर भांड्यांचा उंचवटा आला नाही.

तिने साहेबांना फोन लावला.

"पाइप फुटला असेल हो," साहेब म्हणाले. "उद्या प्लंबर पाठवू."

"फुटका पाइप बरोबर सात दहाला गरम पाणी सोडत नाही, साहेब. कुणीतरी नळ सोडलाय आणि बंद करायला उठू शकत नाहीये."

"मग पोलिसांना कळवा."

"पत्ता काय सांगू? चौदा घरांतलं एक?"

"हे बघा, एकटीने झाकण उचलायचं नाही. नियम आहे. मी माणूस बघतो. तासाभरात..."

"बघा तुम्ही," ती म्हणाली आणि गाडी चालू केली.

गल्लीत दुपारची सामसूम होती. एकसारखी बैठी घरं, लावलेले पडदे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या चेंबरच्या झाकणात तिने लोखंडी आकडा अडकवला आणि पाय रोवून ओढला. झाकण तसूभर हललं. जोडीदार म्हणायचा, झाकण हाताने नाही, बुडाने उचलायचं असतं. ती खाली बसली आणि सगळं वजन मागे टाकलं. कमरेत कळ गेली, झाकण सरकलं. आत टॉर्च मारला, तर स्वच्छ पाण्याची धार वाहत होती आणि कडेला साबणाचा पांढरा फेस. दुसरं चेंबर गल्लीच्या मध्यावर, तिथेही धार. तिसऱ्याचं झाकण गंजून बसलेलं. त्याने तिचा घाम काढला, हातमोजा फाटला, अंगठ्याचं साल निघालं. आत बघते तो कोरडं ठणठणीत, कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत.

म्हणजे पाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या मध्ये शिरत होतं. मध्ये घरं चार.

पहिल्या घराला बाहेरून कुलूप. दुसऱ्या दारात एक माणूस आला, कानात फोनवर बोलायचं यंत्र, एक बोट वर करून "मिनिटभर" अशी खूण करत. तिने मिनिटभर थांबायचं नाकारलं.

"तुमच्या घरात नळ चालू आहे का?"

"नाही. का?"

"शेजारी कोण राहतं?"

"या बाजूला? एक वयस्क बाई. एकट्याच असतात. फारसं कुणाशी बोलत नाहीत."

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

तो विचारात पडला. "परवा... नाही, परवा नव्हे. तो कचऱ्याचा दिवस होता. म्हणजे मागच्या आठवड्यात." बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला. त्याने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

तिसऱ्या दाराची घंटा तिने तीनदा वाजवली. मग घराच्या बाजूला जाऊन, भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपाला कान लावला. आत पाणी वाहत होतं.

शेजाऱ्याने शिडी आणली. मागच्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी अर्धवट उघडी होती, पण तो देहाने भरभक्कम, त्यातून जाण्यासारखा नव्हता. तीच चढली. गमबुटांसकट ओट्यावर उतरली. शेजारी खालून फोनवर ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होता. आत पालथं घातलेलं एक ताट, एक वाटी, एक पेला.

न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. फरशीवर एक म्हातारी बाई कुशीवर पडली होती, ओठ निळे, केस फरशीला चिकटलेले. वर नळ सोडलेला, बादली भरून वाहत होती आणि ते गार पाणी सकाळपासून त्यांच्या पाठीखालून मोरीत चाललं होतं. डोळे उघडे होते.

तिने आधी नळ बंद केला. एकदम शांत झालं.

"टॉवेल," बाई पुटपुटल्या. दात वाजत होते, पण सुरात हुकूम होता. "आधी टॉवेल द्या अंगावर. मग काय तो आरडाओरडा करा."

तिने टॉवेल टाकला, पलंगावरची चादर, पांघरूण, सापडेल ते आणून पांघरलं. त्यांच्या काखेत हात घालायला गेली.

"अंहं! उचलू नका. खुबा मोडलाय. आयुष्य गेलंय माझं दवाखान्यात, मला कळतं." थोडा वेळ त्या नुसता श्वास घेत राहिल्या. "तुम्ही कोण?"

"मी... गटाराकडून आले."

"गटारातून?"

"म्हणजे पावसाळी गटाराच्या खात्यातून."

"इतकं पाणी वाया घालवलं म्हणून पकडायला आलात?" त्या म्हणाल्या, आणि हसण्याच्या प्रयत्नात कळ येऊन त्यांनी डोळे मिटले. एक हात पांघरुणाबाहेर चाचपडत होता. तिने फाटका हातमोजा काढला आणि तो हात धरला. बर्फासारखा गार होता. ॲम्ब्युलन्स यायला अठरा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती ओल्या फरशीवर बसून होती.

बाई एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन, म्हणजे नर्सांच्या प्रमुख होत्या, हे तिला नंतर समजलं. लग्न केलं नव्हतं. एक भाचा होता, दुसऱ्या गावी. नऊ दिवसांनी ती भेटायला गेली तेव्हा मेट्रनबाई उशांना टेकून बसल्या होत्या आणि एका नर्सला चादरीची घडी कशी घालतात ते सुनावत होत्या. तिला पाहून त्यांनी नर्सला वाटेला लावलं.

"बसा. आता नीट सांगा. माझ्या दाराशी कशा उगवलात?"

तिने सांगितलं. पाइप, यंत्र, रेघ. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. सात वाजून दहा मिनिटं. दुपारचा दीड. बुधवार, शनिवार.

मेट्रनबाईंनी चादरीवरची सुरकुती हाताने सरळ केली.

"म्हणजे माझी अंघोळ सरकारदरबारी?"

"फक्त पाणी. बाकी काही दिसत नाही त्यात."

"लोक मला पाण्यात पाहतात हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात तर सगळा वॉर्ड पाहायचा. पण खरोखरच कुणी पाहत बसलं असेल..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. "किती दिवस?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे! आणि गल्ली माहीत होती?"

"हो."

"मग दार वाजवायला काय धाड भरली होती?"

अंगठ्यावरची जखम भरत आली होती, तिथली खपली ती नखाने उचकटत होती.

"चौदाच तर दारं," मेट्रनबाई म्हणाल्या. आता त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि ते जास्त लागलं. "पहिल्या दिवशी वाजवलं असतंत, तर चहा तरी झाला असता. आता बघा, बसलोय दोघी औषधांच्या वासात." आणि जरा थांबून, "मीही कुठे कुणाचं वाजवलंय म्हणा. त्या शेजाऱ्याचं नावसुद्धा मला इथे आल्यावर कळलं. चांगला आहे हो. फुलं घेऊन आला होता. मला फुलांनी शिंका येतात."

उठताना तिने विचारलं, "त्या रविवारी जेवायला कोण आलं होतं?"

"कुठल्या?"

"दुपारी भांडी जास्त होती."

मेट्रनबाईंनी आठवून पाहिलं. "कुणी नाही. कपाट आवरलं. वापरात नसलेली भांडी धुऊन ठेवली."

खात्यात साहेबांनी तिला बोलावून घेतलं. समोर तिचा अहवाल होता. एका माणसाचा जीव वाचला म्हणून वरून कौतुकाचं पत्र आलं होतं, आणि एकटीने तीन झाकणं उचलली म्हणून समज देणारंही. दोन्ही एकाच लिफाफ्यात.

"एक रकाना रिकामा आहे," साहेब म्हणाले. "घर शोधायला सहा आठवडे का लागले?"

माणूस मिळाला नाही, असं ती म्हणू शकली असती. ते खोटंही नव्हतं.

"मी शोधलंच नाही, साहेब."

"का?"

"सापडलं असतं म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेन उघडून त्या रकान्यात लिहिलं: मनुष्यबळाअभावी विलंब. मग अहवाल मिटून म्हणाले, "चहा घेणार?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. तिने घेतला.

पुढच्या महिन्यात प्लंबर आला आणि तिच्या देखरेखीखाली त्याने फरशी खणली. पूर्वीच्या मालकाने न्हाणीघर आणि स्वयंपाकघर वाढवलं, तेव्हा गवंड्याला जवळची लाइन दिसली, ती त्याने जोडली आणि तो मोकळा झाला, असा सगळा प्रकार. अर्ध्या दिवसाचं काम. त्या सोमवारपासून सपाट असलेली बावीस नंबरची रेघ आता कायमची सपाट झाली. खुबा जुळला तरी एकटीने राहणं जमणार नव्हतं, म्हणून भाचा येऊन मेट्रनबाईंना आपल्या गावी घेऊन गेला. निघताना त्यांनी तिचा नंबर मागून घेतला. "करीन कधीतरी," म्हणाल्या. "वाट बघत बसू नका. तुम्हाला ती खोड आहे."

त्यांनी खरंच फोन केला. तीन आठवड्यांनी, मग आणखी दोनांनी. भाचेसून चांगली आहे, पण अंघोळीला वेळ ठरवून दिलाय म्हणे, दहा मिनिटं. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर अंघोळी घातल्या, त्याचं हे फळ. ती हसली. बोलणं चार-पाच मिनिटांचं व्हायचं. मग दोघींपैकी कुणालातरी पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही, तरी लगेच कुणी ठेवायचं नाही.

सकाळी चहा घेताना अजूनही तिची नजर सात दहाला फोनकडे जायची. यंत्र आता एकतीस नंबरात होतं, मंडईच्या मागच्या पाइपात. तिथे चोवीस तास काही ना काही वाहत होतं. त्यातून माणूस वेगळा काढता येत नव्हता.

एका दुपारी जोराचा पाऊस आला. ती नऊ नंबरच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभी होती, एका हाताने कठड्याची सळई धरून, दुसऱ्या हाताने दांडा पाण्यात घातलेला. काळंशार पाणी, वर तेलाचे रंग. खिशातला फोन वाजायला लागला. हात मोकळा नव्हता. तो वाजत राहिला आणि थांबला. तिने बाटली भरली, झाकण लावलं, वेळ लिहिली, तापमान लिहिलं, बाटली बर्फात ठेवली. मग गाडीत बसून, हातमोजे काढून तिने नंबर पाहिला आणि उलट फोन केला.

भाचेसुनेने उचलला. "आत्या आत्ताच आडव्या झाल्यात हो. झोप लागलीये. उठवू का?"

"नको नको."

"काही निरोप?"

गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. टपावर पाऊस इतका वाजत होता की तिला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"पाऊस आहे म्हणावं इकडे."

"पाऊस आहे? एवढंच?"

"हो, एवढंच. आणि म्हणावं, संध्याकाळी मी करते."

तिने फोन ठेवला आणि काच हाताने पुसली. अर्ध्या तासातली अकरा मिनिटं उरली होती, आणि दहा नंबरचं तोंड पुलाच्या पलीकडे होतं. तिने गाडी सुरू केली.